धोरणावरच्या चर्चेला पहिल्यांदा जाताना: पुण्यात नव्याने शिकायला आलेल्यांसाठी

पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींना पहिल्या वर्षी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वर्ग सुटल्यानंतर, संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास, शहरातल्या कॉलेजांच्या आणि संस्थांच्या सभागृहांत जे बोललं जातं ते ऐकायला बहुतेक वेळा फी लागत नाही. शेतमालाचे भाव, धरणाचं पाणी, वीजदर, आरक्षण, शाळेतल्या भाषा, शहराचा विकास आराखडा असे ज्यांचे चटके आपल्या घरापर्यंत पोचतात ते विषय तिथे असतात. बोलणाऱ्यांत प्राध्यापक असतात, निवृत्त सनदी अधिकारी असतात, आंदोलनातले कार्यकर्ते असतात आणि तुमच्याच वयाचे विद्यार्थीही असतात. तरीही तालुक्याच्या गावाहून आलेले कितीतरी जण दारावरचा फ्लेक्स वाचून पुढे निघून जातात. सगळं इंग्रजीत असेल, आत ओळखीचं कुणी नसेल, आपण काही विचारलं तर हसतील, असं वाटतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

पुणं घेतलं, कारण ते मला माहीत आहे. मुंबई, नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरला असाल तर जागांची नावं बदलतील, पद्धत बदलणार नाही. सुरुवातीलाच माझं म्हणणं सांगतो. अशा चर्चेतून तुमच्या हाती काय लागेल, हे वक्ता किती मोठा यावर फारसं अवलंबून नसतं. जाण्याआधी तुम्ही कोणता कागद वाचला आणि शेवटच्या प्रश्नोत्तरांपर्यंत थांबलात की नाही, यावर ते ठरतं.

या शहराला या गोष्टीची जुनी सवय आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. २९ जानेवारी १९३९ रोजी या संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात डॉ. आंबेडकर बोलले, तो विषय होता १९३५ च्या भारत सरकार कायद्यातली संघराज्याची योजना. म्हणजे त्या घडीला देशापुढे असलेला, अजून निकाली न लागलेला प्रश्न. त्यांनी योजनेची कलमं सोलून काढली, संस्थानांना त्यात काय मिळतं आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना काय, ते दाखवलं. ते भाषण छापील स्वरूपात मिळतं. धोरणावर बोलणं म्हणजे काय, हे समजायला एवढं एक वाचलं तरी चालेल.

कार्यक्रम कळणार कसे

एकाच ठिकाणी सगळी माहिती मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. विभागाच्या नोटीस बोर्डावर आजही बरंच काही लागतं. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, विधी आणि पत्रकारिता या विभागांचे बोर्ड आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा, तुम्ही विज्ञान शाखेचे असलात तरी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या विभागांचे कार्यक्रम बरेचदा त्या विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच फिरतात. तिथल्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याशी ओळख झाली की पुढचं सोपं होतं. मराठी वर्तमानपत्रांच्या शहर पानावर 'आजचे कार्यक्रम' असं छोटं सदर असतं, त्याकडे तरुण मंडळी बघत नाहीत. ते बघा. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात किंवा गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाच्या आसपास जाणं होत असेल तर पत्रकं हाती येतातच.

वर्षाचा एक क्रम असतो, तोही लक्षात ठेवावा. केंद्राचा अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला येतो, त्यामुळे पुढचे आठ-दहा दिवस प्रत्येक वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभागात त्यावर चर्चा असते. राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये. जानेवारी ते मार्च हा परिसंवादांचा दाटीचा काळ, कारण आर्थिक वर्ष संपायच्या आत अनुदान खर्ची घालायचं असतं. एप्रिल-मेमध्ये परीक्षा सुरू झाल्या की कॉलेजं शांत होतात, पण वसंत व्याख्यानमाला तेव्हाच असते. नागपूरला असाल तर डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन चुकवू नका. त्या दिवसांत शहरात मोर्चे, बैठका आणि चर्चा एकाच वेळी चालू असतात आणि आमदारांच्या कार्यालयातून पास मिळाला तर सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत बसून कामकाजही बघता येतं.

कार्यक्रमाचा प्रकार आधी ओळखा

पत्रिकेवर 'व्याख्यान' असेल तर एकच वक्ता तासभर बोलतो आणि अखेरीस थोडी प्रश्नोत्तरं होतात. 'परिसंवाद' किंवा 'पॅनेल' म्हटलं की तीन-चार वक्ते आणि एक सूत्रसंचालक. 'चर्चासत्र' दिवसभराचं असू शकतं, त्यात शोधनिबंध वाचतात, जेवण असतं आणि कधी कधी नोंदणी शुल्कही. नवख्यासाठी मी परिसंवाद सुचवतो. दोन वक्त्यांचं एकमेकांशी पटत नसेल तर कोणता मुद्दा खरोखर वादाचा आहे, हे तुम्हाला शोधावं लागत नाही, तेच दाखवून देतात. वादविवाद स्पर्धेबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पत्रिकेत आणखी एक गोष्ट बघा: मंचावर कोण नाही. मजुरांच्या धोरणावर चार वक्ते असतील आणि त्यात मजुरांच्या संघटनेतलं एकही नसेल, तर त्या बाजूचं काहीतरी तुम्ही स्वतः वाचून जा. तुमचा प्रश्न तिथूनच निघेल.

आत जाता येतं का

बहुतेक वेळा येतं. जाहीर व्याख्यान असेल तर पत्रिकेत 'सर्वांसाठी खुला' किंवा 'प्रवेश विनामूल्य' असं छापलेलं असतं. तसं काही नसेल तर दिलेल्या नंबरवर फोन करून सरळ विचारा: "मी अमुक कॉलेजचा विद्यार्थी आहे, कार्यक्रमाला आलं तर चालेल का?" श्रोते कमी पडतील ही आयोजकांना कायमची धास्ती असते, ते नाही म्हणत नाहीत. गुगल फॉर्म दिला असेल तर भरा, कारण काही ठिकाणी गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे यादी असते. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात नाही तरी खिशात हवं. गेटवरच्या वहीत नाव, वेळ आणि 'कुणाला भेटायचं' हा रकाना असतो. तिथे सभागृहाचं आणि कार्यक्रमाचं नाव लिहिलं की झालं.

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार आणि परिचय यात अर्धा तास सहज जातो, म्हणून काही जण मुद्दाम उशिरा येतात. पण वक्त्याचा परिचय नीट ऐकण्यासारखा असतो. त्यांनी कोणत्या समितीवर काम केलं, कोणत्या खात्यात होते, कोणत्या कंपनीचे किंवा संघटनेचे सल्लागार आहेत हे कळलं की त्यांचं म्हणणं कुठून येतंय ते समजतं.

आधीचा एक तास

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

धोरणावरच्या कोणत्याही चर्चेच्या मुळाशी एखादा कागद असतो. शासन निर्णय, विधेयक, अधिसूचना, समितीचा अहवाल, न्यायालयाचा निकाल किंवा अर्थसंकल्पाचं एखादं पान. बातमी म्हणजे तो कागद नव्हे. तो कागद शोधून वाचायला साधारण तासभर लागतो. तेवढं केलेला माणूस सभागृहात वेगळ्या कानांनी ऐकतो.

२०२५ सालचं तिसऱ्या भाषेचं प्रकरण घ्या. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. विरोध झाला. १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यात अनिवार्यता शब्दात तरी काढली होती: हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घेता येईल, पण त्या इयत्तेतले किमान २० विद्यार्थी तशी मागणी करणारे हवेत, तरच शिक्षक मिळेल, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल. २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचं जाहीर केलं. या अडीच महिन्यांत राज्यभर शेकडो लोक या विषयावर तावातावाने बोलले. पण ज्याने १७ जूनचा कागद वाचला होता त्याला २० ची अट ठाऊक होती. आणि ती ठाऊक असली की प्रश्न आपोआप समोर येतो: ज्या वाडीवरच्या शाळेत पहिलीत मिळून सात मुलं आहेत तिथे हा पर्याय प्रत्यक्षात कुणाला मिळाला असता? या प्रश्नाला भाषेचा अभिमान लागत नाही आणि भाषेचा रागही लागत नाही. त्याला उत्तर द्यावंच लागतं.

शासन निर्णय वाचायची रीत सोपी आहे. वर विषय, खात्याचं नाव, क्रमांक आणि तारीख. त्याखाली 'वाचा' असं लिहून आधीच्या निर्णयांची यादी दिलेली असते. हा निर्णय कशात बदल करतोय ते तिथे समजतं, म्हणून ती यादी ओलांडून पुढे जाऊ नका. मग प्रस्तावना, त्यात सरकार स्वतःचं कारण सांगतं. खरा मजकूर 'शासन निर्णय' या शीर्षकाखाली असतो. अटी, अपवाद, अंमलबजावणीची जबाबदारी कुणाची आणि पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (सरकारी हिशेबात खर्चाला दिलेल्या शीर्षकातून), हे तिथे बघायचं. शेवटी संकेतांक (निर्णयाचा संगणकीय क्रमांक) असतो, तो वहीत टिपून ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर खातं आणि तारीख टाकली की निर्णय सापडतो, मराठीत आणि फुकट.

विषय अर्थसंकल्पाचा असेल तर भाषण वाचण्याआधी आकड्यांचे रकाने बघा. एकाच योजनेसमोर तुम्हाला गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज दिसेल. वर्तमानपत्राच्या मथळ्यात येतो तो शेवटचा रकाना. खरी गोष्ट मधल्या दोन रकान्यांच्या फरकात असते. शंभर कोटी ठरवले आणि सुधारित अंदाजात साठच उरले, तर चाळीस कोटींचं काय झालं हा प्रश्न कुठल्याही सभागृहात विचारता येतो आणि तो विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

नामदार गोखल्यांची पद्धत हीच होती. १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारने मिरवलेली शिल्लकच पुढे ठेवली आणि ती लोकांच्या भरभराटीची नसून जादा करांची आहे, असं सरकारच्याच आकड्यांवरून मांडलं. या आकड्यांच्या कामात त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत असे. जोशी शाळेत शिक्षक होते. हे मला फार मोलाचं वाटतं: आकडे वाचायची ताकद विद्यापीठाच्या आतल्यांचीच मक्तेदारी तेव्हाही नव्हती.

आणि एक शेवटचं. घरात असलेला कागदही बघा. रोजगार हमीवर चर्चा असेल तर आई किंवा वडील नोकरीत असल्यास त्यांची पगारपत्रिका मागून घ्या. त्यात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाचे २,५०० रुपये कापलेले दिसतील. महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि देशपातळीवरचा कायदा त्यानंतर २८ वर्षांनी, २००५ मध्ये आला. शहरातला पगारदार आणि गावातला मजूर यांना जोडणारी ही ओळ तुमच्या घरातल्या कागदावर छापलेली आहे.

आत बसल्यावर

मध्ये किंवा मधल्या वाटेच्या कडेला बसा. मागच्या रांगेपर्यंत माइक पोचतच नाही आणि हात वर केलेला दिसत नाही. मुलींना मी हे आग्रहाने सांगतो, कारण मुली घोळक्याने मागे बसतात आणि 'वेळेअभावी' प्रश्नोत्तरं आटोपली की त्यांचे प्रश्न तसेच राहतात.

वही न्या. मोबाइलवर टिपणं घेता येतात, पण मेसेज येत राहतात आणि समोरच्या वक्त्यालाही तुम्ही चॅट करताय असं वाटतं. वहीची दोन पानं उघडी ठेवा. डाव्या पानावर वक्त्याचं म्हणणं, आकड्यासह आणि वर्षासह. उजव्या पानावर तुमच्या शंका. आकडा सांगितला पण वर्ष सांगितलं नाही, तर उजवीकडे लगेच 'कोणत्या वर्षाचा?' असं लिहा. 'सगळ्यांना माहीतच आहे की' अशी सुरुवात झाली तर तिथेही खूण करा, कारण पुढचं वाक्य बहुधा पुराव्याशिवाय येतं.

ऐकताना एक फरक करत राहा. वक्ता जे घडलं ते सांगतोय, त्यावरून निष्कर्ष काढतोय, की काय व्हायला हवं ते सांगतोय? अनुभवी वक्ता एकाच वाक्यात हे तिन्ही गुंफतो. 'निर्यातबंदीमुळे कांद्याचे भाव पडले आणि शेतकऱ्यावर अन्याय झाला' या वाक्यात भाव पडणं तपासता येतं, ते बंदीमुळेच पडले की आवकही वाढली होती हे शोधावं लागतं, आणि अन्याय हा मूल्याचा प्रश्न आहे. तिन्ही बाबी बरोबर असू शकतात. पण त्यांवरचे प्रश्न वेगवेगळे असतात.

इंग्रजीतलं भाषण पूर्ण कळलं नाही तर घाबरून जाऊ नका. न समजलेला शब्द उजव्या पानावर लिहा. धोरणाच्या चर्चेत पन्नास-साठ शब्दच पुन्हा पुन्हा येतात; चार-पाच कार्यक्रमांनंतर ते ओळखीचे होतात.

प्रश्न विचारताना

सूत्रसंचालकाने प्रश्न मागवले की पहिले काही क्षण सभागृह गप्प असतं. हात तेव्हाच वर करा. पहिल्या प्रश्नाला पूर्ण वेळ मिळतो, पुढचे चार प्रश्न एकत्र घेऊन त्यांची एकाच दमात उत्तरं दिली जातात.

उभं राहा, माइक तोंडाजवळ धरा, नाव आणि वर्ग सांगा, संदर्भ एका-दोन वाक्यांत द्या आणि एकच प्रश्न विचारा. पाऊण मिनिट पुरतं. पहिल्या काही वेळा प्रश्न वहीत लिहून तो वाचून दाखवला तरी त्यात कमीपणा नाही.

कांद्याचंच उदाहरण पुढे नेतो. 'सरकार शेतकऱ्यांच्या विरोधात का आहे?' या प्रश्नाला टाळ्या मिळतात, पण उत्तर मिळत नाही. वक्त्याला वाटेल तिकडे जाता येतं. आता हे बघा:

"नमस्कार. मी निफाड तालुक्यातला, द्वितीय वर्ष अर्थशास्त्राला आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य राहिलं. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची आवक वाढत असते, डिसेंबरमध्ये बाजारात लाल कांदा असतो. मग शुल्काचा भावावर किती परिणाम झाला हे मोजायला तुम्ही कोणत्या महिन्यांची तुलना योग्य धराल?"

हा प्रश्न विचारणारा कुणाच्याही बाजूचा असू शकतो. वक्त्याला मात्र पद्धतीबद्दल बोलावंच लागेल, आणि सभागृहातल्या सगळ्यांना काहीतरी नवं कळेल. शिवाय यातली अर्धी माहिती पुस्तकातली नाही. उन्हाळ आणि लाल कांद्याचा फरक, चाळीत साठवलेला माल कधी बाहेर निघतो, माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई आणि वाराई किती कापली, हे निफाडच्या मुलाला लहानपणापासून माहीत असतं. मंचावरच्या विद्वानाला ते माहीत असेलच असं नाही. गावाकडून आलेल्या विद्यार्थ्याने हे आपलं भांडवल समजावं. फक्त 'आमच्याकडे असं असतं' एवढ्यावर थांबू नका. पट्टीवरची तारीख आणि आकडा सांगा.

प्रश्न मराठीत विचारा. कार्यक्रम इंग्रजीत असला तरी. पुण्यातल्या सभागृहात मराठी समजणारं कुणीतरी मंचावर असतंच, आणि नसेल तर सूत्रसंचालकाला म्हणा, "प्रश्न मराठीत विचारतो, कृपया आपण भाषांतर करून सांगाल का?" अडखळत्या इंग्रजीत अर्धवट पोचलेल्या प्रश्नापेक्षा स्वच्छ मराठी प्रश्न केव्हाही चांगला. हिंदीत सोयीचं असेल तर हिंदीत.

काही ठिकाणी चिठ्ठीवर प्रश्न मागवतात. अक्षर सुवाच्य असू द्या आणि दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नका, लांबलचक चिठ्ठ्या बाजूला पडतात. उत्तर भलतीकडे गेलं तर एकदा, शांतपणे, "माझा प्रश्न तुलनेच्या महिन्यांबद्दल होता," एवढं म्हणायला हरकत नाही. त्यावरही उत्तर आलं नाही तर बसा. न मिळालेलं उत्तरही डाव्या पानावर नोंदवा, ती माहितीच आहे.

भाषण करू नका. प्रश्नाच्या नावाखाली दहा मिनिटं बोलणारे प्रत्येक कार्यक्रमात एक-दोन असतात आणि त्यांच्यामुळे इतरांचा वेळ जातो.

वादविवाद स्पर्धा बघायला गेलात तर

इथे बाजू बहुधा वाटून दिलेली असते. विषयाच्या अनुकूल बोलणारा विद्यार्थी मनाने प्रतिकूल असू शकतो, म्हणून स्पर्धेतल्या भाषणावरून कुणाची मतं ठरवू नका. मराठी स्पर्धांत साधारणपणे एका कॉलेजचे दोन स्पर्धक असतात, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. इशाऱ्याची घंटा वाजते, मग अखेरची. इंग्रजी स्पर्धा बऱ्याचदा ब्रिटिश संसदीय पद्धतीच्या असतात: दोघादोघांचे चार संघ, विषय जाहीर झाल्यावर तयारीला १५ मिनिटं, प्रत्येकाला सात मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरचे उभे राहून छोटा मुद्दा मांडायची परवानगी मागतात, आणि बोलणारा ती देतो किंवा नाकारतो. नवख्याला हा गोंधळ वाटतो, पण नियम माहीत असला की रंगत येते.

निकालानंतर परीक्षक कारणं सांगतात तेव्हा उठून जाऊ नका. कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला, कुठे उदाहरण तोकडं पडलं, हे ते नेमकं सांगतात. स्पर्धेच्या मंडळात शिरायचा सोपा मार्ग म्हणजे वेळ नोंदवायचं काम मागून घेणं. दिवसभरात पंधरा-वीस भाषणं ऐकायला मिळतात, आणि बोलण्याचं दडपण नसतं.

विषय तापलेला असेल तेव्हा

आरक्षण, धर्म, भाषा, विस्थापन यांवरच्या चर्चेत सभागृहातला कुणीतरी स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलत असतो. तुमच्यासाठी तो मुद्दा असेल, त्याच्यासाठी ती शिष्यवृत्ती असते किंवा बुडालेलं घर. आडनावावरून जात काढणं, 'तुम्ही लोक' म्हणणं, कुणाच्या उच्चारावर हसणं हे होऊ देऊ नका. शेजारचा करत असेल तर त्याला थांबवा. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं चित्रीकरण त्याला न विचारता करू नका आणि भाषणाचा वीस सेकंदांचा तुकडा कापून तो पुढे पाठवू नका. धक्काबुक्की सुरू झाली तर दाराकडे निघा, मित्रमैत्रिणींना बरोबर घ्या. कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला तर विषय संपत नाही, तोच कागद घेऊन वसतिगृहाच्या खोलीत बसता येतं.

कार्यक्रमानंतर

आभारप्रदर्शनानंतर चहा असतो. वक्त्याभोवती गर्दी होते, सेल्फी होतात. गर्दी ओसरू द्या आणि मग एकच विचारा: "तुम्ही सांगितलेला तो आकडा मला कुठे वाचायला मिळेल?" अभ्यासू माणसाला हा प्रश्न आवडतो. बरेच जण तिथल्या तिथे अहवालाचं नाव लिहून देतात. मंचावर न बोललेली गोष्टही चहाच्या वेळी कळते, पण ती त्यांचं नाव घेऊन बाहेर सांगू नका.

त्याच रात्री अर्धं पान लिहा. दोन्ही बाजूंचा सगळ्यात बळकट मुद्दा कोणता होता आणि आपलं मत हललं का, एवढंच. आठवडाभरात एक आकडा तपासा.

जी माहिती कुठेच छापलेली सापडत नाही ती माहितीच्या अधिकारात मागता येते. २००५ च्या या कायद्यानुसार अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो. सभागृहात पाऊण मिनिटात प्रश्न बसवायची सवय झालेल्याला ते जड जात नाही.

नियमांचे मसुदे निघतात तेव्हा 'हरकती व सूचना' मागवल्या जातात, तारीख दिलेली असते. केंद्राच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणं अपेक्षित आहे. त्या मुदतीत आलेलं विद्यार्थ्याचं एक पानाचं पत्रही नोंदवलं जातं. पुणे महापालिकेत तर २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. वसतिगृहासमोरचा पदपथ किंवा बसथांबा यासाठी तो भरून बघा, कोणतं काम घेतलं, कोणतं वगळलं आणि कारण काय दिलं ते विचारायला पुन्हा तिथे जा.

आणि चार-पाच जण जमलात तर स्वतःची बैठक सुरू करा. महिन्यातून एकदा, एक शासन निर्णय, प्रत्येकाकडे छापील प्रत. पहिला अर्धा तास कुणीही मत मांडायचं नाही, फक्त मजकूर वाचायचा आणि न कळलेले शब्द विचारायचे. मग दोघांनी अनुकूल आणि दोघांनी प्रतिकूल बोलायचं, पुढच्या वेळी बाजू बदलायच्या. पहिला विषय शिष्यवृत्तीचा किंवा वसतिगृह प्रवेशाचा घ्या. त्याचे नियम सगळ्यांच्या अनुभवाचे असतात आणि त्यातली चूक तुम्ही दुसऱ्याच दिवशी समाजकल्याण कार्यालयात नेऊन दाखवू शकता.